फाइलची पाठवणी आणि पारख

कार्यालयातून बाहेर जाणारा कागद मागे काही खुणा ठेवून जातो. जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक चढतो, स्थळप्रत नस्तीत राहते आणि ज्या कार्यालयाकडे तो गेला तेथील बारनिशीच्या शिक्क्यासह पोच परत येते. पुढे वाद निर्माण झाल्यास कोणता कागद कोणत्या दिवशी कोणाकडे गेला, हे या खुणांवरून सांगता येते. आज कार्यालयांतील बराचसा मजकूर कागदावरून संगणकात गेला आहे. ग्रामसभेचे ठराव, शाळेचा पट, लाभार्थ्यांच्या याद्या, पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे हे सारे फाइलींच्या रूपाने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जात असते. परंतु कागदाबाबत जी दक्षता अंगवळणी पडली आहे, ती फाइलबाबत अद्याप सर्वत्र पडलेली नाही. फाइल पाठविली की काम संपले असे समजले जाते. पलीकडे ती उघडली का, उघडल्यावर वाचता आली का आणि जी पाठविली तीच पोचली का, हे तीन प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत.

या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने बहुतेक संगणकांत मुळातच असतात. ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर आज्ञा टंकून ती वापरावयाची असल्यामुळे सर्वसाधारण वापरकर्त्याच्या नजरेस ती पडत नाहीत, एवढेच.

फाइलची तीन अंगे

प्रत्येक फाइलसंबंधी तीन गोष्टी वेगवेगळ्या लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे तिचे नाव. 'ठराव.पीडीएफ' या नावात टिंबाच्या आधी आपण दिलेले नाव आणि टिंबानंतर प्रकार सुचविणारा प्रत्यय असतो. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा आशय, म्हणजे आत साठविलेल्या अंकांची रांग. तिसरी गोष्ट म्हणजे ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी यासंबंधी त्या त्या संगणकाने केलेली नोंद.

या तीन गोष्टींचा परस्परांशी मेळ असतो, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक तो असतोच असे नाही. नाव कोणालाही बदलता येते आणि त्यामुळे आशयात तिळमात्र फरक पडत नाही. उघडणाऱ्या प्रोग्रॅमची नोंद तर फाइलमध्ये नसतेच. ती संगणकात असते. फाइल दुसरीकडे पाठविली असता तिचा आशय जातो, बहुधा नावही जाते. परंतु ही नोंद पाठविणाऱ्याच्या संगणकातच राहते. तालुक्याच्या ठिकाणी सहज उघडणारी फाइल गावातील शाळेत उघडत नाही, याचे एक नेहमीचे कारण हे आहे.

आज्ञेची ओळ

आज्ञा टंकून संगणक चालविण्याची पद्धत चित्रांच्या पद्धतीपेक्षा जुनी आहे. विंडोज प्रणालीत 'कमांड प्रॉम्प्ट' आणि लिनक्स प्रणालीत 'टर्मिनल' या नावाने तिची खिडकी उघडते. तेथे लुकलुकणाऱ्या खुणेपुढे आज्ञा टंकावयाची असते. आज्ञेची रचना साध्या वाक्यासारखी असते. आधी काय करावयाचे ते, नंतर कशा प्रकारे, आणि शेवटी कोणत्या फाइलवर. आज्ञा रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर संपूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते, अन्यथा संगणक त्या एका नावाची दोन नावे समजतो.

या पद्धतीचे कार्यालयाच्या दृष्टीने दोन लाभ आहेत. एक म्हणजे टंकलेली आज्ञा जशीच्या तशी लिहून ठेवता येते. बदली होऊन आलेला नवा कर्मचारी तीच आज्ञा वापरून तेच काम त्याच रीतीने करू शकतो. दुसरे म्हणजे रोज रात्री किंवा दर आठवड्याला करावयाचे काम संगणकावर सोपविता येते आणि ते यशस्वी झाले की नाही, याची नोंद ठेवता येते.

पाठवणीची जुनी रीत

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याची पहिली सर्वमान्य नियमावली लिहिण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवीधर झालेले अभय भूषण हे पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले. तेथे एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी 'फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल', अर्थात एफटीपी, या नियमावलीचा पहिला मसुदा सादर केला. ऑक्टोबर १९८५ मध्ये तिला जे रूप देण्यात आले, ते दीर्घकाळ जगभर वापरात राहिले.

एफटीपीत दोन संगणकांमध्ये दोन जोडण्या असतात. एकीवरून आज्ञा व त्यांची उत्तरे जातात, दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल. पाठविण्याच्याही दोन पद्धती आहेत: मजकूर-पद्धत आणि द्विमान-पद्धत. हा भेद का करावा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. ओळ संपली हे दाखविण्याची खूण सर्व संगणकांत सारखी नसते. विंडोजमध्ये त्यासाठी दोन चिन्हे वापरतात, लिनक्समध्ये एकच. दूरमुद्रकावर कागदाचा गाडा मागे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकविणे या दोन स्वतंत्र क्रिया होत्या. विंडोजमधील दोन चिन्हे ही त्यांचीच आठवण होय. मजकूर-पद्धतीत फाइल पाठविली की ही चिन्हे घेणाऱ्या संगणकाच्या रीतीप्रमाणे बदलली जातात.

साध्या मजकुरासाठी ही सोय चांगली आहे. परंतु छायाचित्रात किंवा पीडीएफ फाइलमध्ये तोच अंक निराळ्या अर्थाने येतो. पद्धत चुकली तर तेथेही तो बदलला जातो आणि फाइल बिघडते. नाव तेच, प्रत्यय तोच, आकारही जवळपास तोच. परंतु फाइल उघडत नाही. एफटीपीच्या नियमावलीप्रमाणे, काहीच सांगितले नाही तर मजकूर-पद्धत गृहीत धरली जाते. म्हणून एफटीपी वापरावेच लागल्यास प्रथम 'बायनरी' ही आज्ञा द्यावी.

एफटीपीचा याहून मोठा दोष असा की, तीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहावा तसा जातो. मार्गातील कोणालाही तो वाचता येतो. २०२१ साली क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीची सोय काढून टाकली. गोपनीय अथवा नागरिकांची वैयक्तिक माहिती असलेल्या फाइली या मार्गाने पाठवू नयेत.

सुरक्षित रीती

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी चोरून परवलीचे शब्द टिपून घेतले. त्यानंतर तेथील ताटू यलोनेन यांनी 'सिक्युअर शेल', अर्थात एसएसएच, ही पद्धत तयार केली. तीत दोन संगणकांमधील सर्व संभाषण सांकेतिक रूपात जाते. १९९९ साली तिचे 'ओपनएसएसएच' हे मुक्त रूप निघाले. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ते उपलब्ध आहे; लिनक्सवर तर ते सर्रास असते.

या कुटुंबातील 'एससीपी' ही आज्ञा प्रत काढण्याच्या नेहमीच्या आज्ञेसारखीच आहे. आज्ञेनंतर फाइलचे नाव लिहावयाचे. त्यापुढे पलीकडील संगणकावरील वापरकर्त्याचे नाव, '@' हे चिन्ह, त्या संगणकाचे नाव, दोन उभी टिंबे आणि फोल्डरचा मार्ग एकत्र जोडून द्यावयाचा. एवढ्या एका ओळीत फाइल जाते. मात्र पलीकडे त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर एससीपी न विचारता तिच्या जागी नवी ठेवते. जुनी यादी नाहीशी होऊ नये यासाठी फाइलच्या नावातच दिनांक घालणे श्रेयस्कर.

'एसएफटीपी' या आज्ञेने पलीकडील संगणकाशी काही काळ संवाद चालू ठेवता येतो. 'पुट' म्हणजे तेथे ठेव, 'गेट' म्हणजे तेथून आण, 'एलएस' म्हणजे तेथील यादी दाखव आणि 'बाय' म्हणजे निरोप घे. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली तर 'रीपुट' या आज्ञेने उरलेला भाग पुढे पाठविता येतो. पहिल्यांदाच जोडणी होताना संगणक पलीकडील यंत्राच्या ओळखीचा ठसा दाखवितो आणि पुढे जावे काय, असे विचारतो. येथे सवयीने होकार देऊ नये. तो ठसा त्या कार्यालयातील जबाबदार व्यक्तीकडून दूरध्वनीवर पडताळून घ्यावा. आपण योग्य दारातच शिरत आहोत, याची खात्री करण्याची ती वेळ असते.

अनेक फाइलींचा संग्रह वारंवार पाठवावयाचा असल्यास 'आरसिंक' ही आज्ञा उपयोगी पडते. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ती तयार केली. दोन्हीकडील फाइलींची तुलना करून जेवढा भाग बदलला असेल तेवढाच ती पाठविते. जेथे जोडणी मंद आहे, तेथे त्यामुळे वेळ व खर्च दोन्ही वाचतात. तथापि, या आज्ञेत पलीकडील जादा फाइली पुसून टाकण्याचा 'डिलीट' हा पर्यायही आहे. फोल्डर चुकला तर संपूर्ण संग्रह पुसला जाण्याचा धोका त्यात असतो. म्हणून प्रथम 'ड्राय-रन' हा पर्याय देऊन काय होणार आहे ते पाहावे आणि मगच खरी आज्ञा द्यावी.

फाइलची पोच

फाइल पोचली, एवढ्याने ती अखंड पोचली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी 'हॅश' काढण्याची रीत आहे. फाइलमधील सर्व अंकांवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून एक छोटा ठसा तयार करण्यात येतो. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, ठसा ६४ अक्षरांचाच असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे येतात. फाइलमध्ये एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. नाव बदलले तर मात्र ठसा बदलत नाही, कारण तो आशयाचा असतो.

विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' ही आज्ञा, तिच्यापुढे आडव्या रेघेसह 'हॅशफाइल' हा पर्याय, मग फाइलचे नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' असे टंकले की ठसा मिळतो. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' या आज्ञेपुढे नुसते फाइलचे नाव दिले तरी पुरते. पाठविणाऱ्याने आपल्याकडील ठसा काढून ठेवावा, घेणाऱ्याने पोचलेल्या फाइलचा ठसा काढावा आणि दोन्ही जुळवून पाहावेत. ठसा फाइलसोबत न पाठविता पत्राने किंवा दूरध्वनीवरून कळविणे अधिक चांगले. कारण जो फाइल बदलू शकतो तो सोबतचा ठसाही बदलू शकतो.

या दक्षतेला आता कायद्यातही स्थान आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्याच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅशचे मूल्य आणि ते काढण्याची पद्धत नमूद करावयाची असते. पाठविताना काढलेला ठसा नोंदवहीत असेल, तर वर्षानुवर्षांनंतरही हा तोच ठराव, हे सांगण्यास आधार राहतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवांतून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले तर ते बहुधा लहान करून पाठविले जाते. पाहणाऱ्यास ते सारखेच दिसते, परंतु त्याचा आशय व ठसा बदललेला असतो आणि बारीक तपशील गेलेला असतो. कामाच्या मोजमापाची किंवा पंचनाम्याची छायाचित्रे म्हणून मूळ फाइलीच्या स्वरूपातच पाठवावीत व जपावीत.

प्रत्यय आणि प्रोग्रॅम

फाइल अखंड पोचूनही उघडत नसेल, तर कारण उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत शोधावे लागते. विंडोज प्रणाली या बाबतीत नावातील प्रत्ययावर विसंबून असते. 'अ‍ॅसॉक' ही आज्ञा कोणता प्रत्यय कोणत्या प्रकारात मोडतो ते दाखविते, आणि 'एफटाइप' ही आज्ञा त्या प्रकारासाठी कोणता प्रोग्रॅम नेमला आहे ते सांगते. उदाहरणार्थ, टीएक्सटी हा प्रत्यय साध्या मजकुराचा प्रकार दर्शवितो आणि त्या प्रकारापुढे 'नोटपॅड' या प्रोग्रॅमची नोंद असते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक वापरकर्त्याची निवड स्वतंत्रपणे जपली जाते व तीच वरचढ ठरते. म्हणून या आज्ञा पाहणीसाठी वापराव्यात आणि बदल 'सेटिंग्ज'मधील 'डीफॉल्ट अ‍ॅप्स' या सदरातून करावा. लिनक्सवर हेच काम 'एक्सडीजी-माइम' या आज्ञेने होते.

प्रत्यय पुसला गेला असेल किंवा चुकीचा असेल, तर फाइलचा खरा प्रकार तिच्या आशयावरून ओळखता येतो. बहुतेक प्रकारांच्या फाइलींच्या आरंभी ठरावीक खूण असते. पीडीएफ फाइलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व पीडीएफ ही अक्षरे असतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. ही त्या प्रकाराचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. वर्डची डीओसीएक्स फाइल ही आतून झिपच असल्यामुळे तिच्याही आरंभी हीच अक्षरे दिसतात. युनिक्स प्रणालीत १९७३ पासून असलेली 'फाइल' ही आज्ञा अशा खुणा वाचून प्रकार सांगते. लिनक्सवर ती आजही आहे. विंडोजवर संशयास्पद फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडून पहिली काही अक्षरे पाहता येतात. मात्र ती तेथून पुन्हा साठवू नये, अन्यथा फाइल बिघडते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. डीओसीएक्स हा प्रत्यय खोडून पीडीएफ असे लिहिल्याने फाइलचे रूपांतर होत नाही. डब्यावरील चिठ्ठी बदलली म्हणून आतील धान्य बदलत नाही. रूपांतर हे त्या त्या प्रोग्रॅमनेच करावे लागते.

फसवी नावे

नावावर विसंबण्याचा गैरफायदा कसा घेतला जातो, याचे उदाहरण मे २००० मध्ये जगाने पाहिले. 'आय लव्ह यू' या विषयाचे पत्र ई-मेलने लक्षावधी संगणकांवर गेले. सोबतच्या फाइलच्या नावात आधी टीएक्सटी आणि त्यानंतर व्हीबीएस असे दोन प्रत्यय होते. ओळखीच्या प्रकारांचे प्रत्यय लपवून ठेवण्याची व्यवस्था विंडोजमध्ये मुळातच असल्यामुळे शेवटचा व्हीबीएस हा प्रत्यय अनेकांना दिसला नाही आणि ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम होता. व्हीबीएस प्रकारासाठी जी नोंद होती तिच्याप्रमाणे संगणकाने तो चालविला. त्याने छायाचित्रांसारख्या फाइलींवर स्वतःच्या प्रती लिहिल्या आणि पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र धाडले. ब्रिटनच्या संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

प्रत्यय लपविण्याची ती व्यवस्था विंडोजमध्ये आजही मुळात चालूच असते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या यादीतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय निवडला की सर्व प्रत्यय दिसू लागतात. शाळेतील व पंचायतीतील प्रत्येक संगणकावर एकदा करून ठेवण्यासारखे हे काम आहे. ज्याच्या शेवटी ईएक्सई किंवा व्हीबीएस आहे, ते शासकीय परिपत्रक असू शकत नाही.

मराठी मजकुराचे विशेष

फाइल अखंड पोचली, योग्य प्रोग्रॅमने उघडली आणि तरीही पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसली, असा अनुभव मराठी कार्यालयांना नवा नाही. जुन्या काळी मराठी टंकलेखनासाठी जे निरनिराळे फाँट वापरात होते, त्यांतील अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट पलीकडील संगणकावर नसेल तर मूळची रोमन अक्षरेच दिसतात. येथे पाठवणीचा दोष नसतो. दोन्हीकडचे ठसेही जुळतात. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश असलेल्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर फाँट बदलला तरी मराठीच राहतो, आणि त्यात शोधही घेता येतो. जुन्या फाँटातील मजकुराची पीडीएफ वाचता आली तरी तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. जुने अभिलेख युनिकोडमध्ये आणताना म्हणून मूळ फाइलही त्यांच्या ठशांसह जपून ठेवणे इष्ट होय.

कार्यालयांनी करावयाचे

या सर्व विवेचनातून प्रत्यक्षात आणण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. फाइलच्या नावात विषय व दिनांक असावा. प्रत्यय दिसतील अशी व्यवस्था करावी. महत्त्वाच्या फाइली एसएफटीपी किंवा एससीपीसारख्या सांकेतिक मार्गाने पाठवाव्यात. जावक नोंदवहीत फाइलच्या नावासमोर तिच्या ठशाची नोंद घ्यावी, आणि घेणाऱ्या कार्यालयाने ठसा जुळल्याचे कळविल्यानंतरच पोच मिळाली असे समजावे. ठशाची ६४ अक्षरे हाताने उतरवून घेताना चूक संभवते. म्हणून ती छापून नोंदवहीत चिकटवावीत.

शाळांतून संगणक शिकविताना या आज्ञा प्रात्यक्षिकासाठी घेता येतील. एका फाइलचा ठसा काढणे, तिचे नाव बदलून पुन्हा काढणे, मग एक अक्षर बदलून तिसऱ्यांदा काढणे, एवढ्या प्रयोगाने नाव आणि आशय यांतील भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतो. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. एखाद्या यादीतील एक नाव गळले तर कोणाचे तरी घरकुल किंवा निवृत्तिवेतन अडते. अशा वेळी ग्रामसभेने संमत केलेली यादी आणि वरिष्ठ कार्यालयात पोचलेली यादी एकच होती की नाही, हे त्या कुटुंबाला पुराव्यासह सांगता आले पाहिजे. यादी पाठविताना काढलेल्या ठशाने ते सांगता येते, आणि तो काढण्यास लागतो एका आज्ञेचा वेळ.